वणव्याची मदत तपासायची तर सुरुवात जळालेल्या रानातून करा

लेखापरीक्षण खात्यात नुकत्याच रुजू झालेल्या, गडहिंग्लज भागातल्या एका तरुणाने विचारले आहे: वणव्यात घर, गोठा, बाग जळालेल्यांना सरकारने वाटलेल्या पैशांचे लेखापरीक्षण नेमके कसे करायचे? लाभार्थ्यांची यादी, पंचनामे आणि बँकेच्या नोंदी जुळल्या की काम झाले का? आणि फार खोलात गेलो तर आधीच पोळलेल्या माणसाला आपण पुन्हा त्रास देतो, असे नाही का होत?

माझी बहुतेक नोकरी कोल्हापूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत मदतवाटपाच्या फाइली तपासण्यात गेली. महापुराच्या फाइली जास्त, आगीच्या कमी. त्या अनुभवावरून सांगतो. यादी, पंचनामा आणि बँक जुळवणे हे निम्मे काम आहे, आणि तेही सोपे निम्मे. यादी तुम्हाला फक्त यादीतल्या माणसांबद्दल सांगते. ज्याचे घर जळाले पण नाव आलेच नाही, तो माणूस एकाही कागदावर भेटत नाही. म्हणून नमुना दोन्ही बाजूंनी काढायचा. एकदा यादीतून निघून रानात जायचे, आणि एकदा जळालेल्या रानातून निघून यादीकडे यायचे. पहिल्या वाटेने अपात्र माणसाला गेलेला पैसा सापडतो. दुसऱ्या वाटेने पात्र माणसाला न मिळालेला पैसा सापडतो. आपल्याकडे पहिल्या वाटेची सवय आहे, कारण तिथे वसुलीचा आकडा दाखवता येतो. माझ्या मते दुसरी वाट जास्त महत्त्वाची आहे, आणि तिला वेळही जास्त लागतो.

आता निकष. तपासणी कशाच्या आधारावर करायची हे पहिल्याच दिवशी लिहून काढा, कारण वणव्याचा पैसा दोन अगदी वेगळ्या भूमिकांतून दिला जातो.

एक भूमिका अमेरिकेत दिसते. न्यू मेक्सिको राज्यात लॉस अलामोसजवळ मे 2000 मध्ये राष्ट्रीय उद्यान खात्याने मुद्दाम लावलेली नियंत्रित आग हाताबाहेर गेली आणि 400 हून जास्त कुटुंबांची घरे गेली. आग सरकारची, म्हणून नुकसानही सरकारने भरून द्यायचे, असा सेरो ग्रांदे अग्निसाहाय्य कायदा त्याच वर्षी झाला. सुरुवातीला दाव्यांसाठी 45.5 कोटी डॉलर आणि कारभारासाठी 4.5 कोटी डॉलर ठेवले गेले, आणि वाटलेल्या रकमांचे दरवर्षी लेखापरीक्षण करण्याची जबाबदारी कायद्यानेच तिथल्या सर्वोच्च लेखापरीक्षण संस्थेवर टाकली. त्याच राज्यात 2022 मध्ये वनखात्याच्या नियंत्रित आगींतून हर्मिट्स पीक आणि काफ कॅन्यन हे दोन वणवे उठले, एकमेकांना मिळाले आणि 3,41,000 एकरांहून जास्त भाग जळाला. पुन्हा वेगळा कायदा आला, आणि त्यात दाव्यावर 180 दिवसांत निर्णय देण्याची मुदत घातली गेली. तिथे लेखापरीक्षकाचा प्रश्न असतो: या माणसाचे खरे नुकसान किती होते आणि तेवढे त्याला मिळाले का?

आपल्याकडे तसे नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत ‘आग’ ही आपत्ती आहे, पण मिळते ती ठरलेल्या दराची मदत. 2022-23 ते 2025-26 या काळासाठी केंद्राने ठरवलेले दर पाहा. मृत्यू झाल्यास 4 लाख रुपये. पूर्ण नष्ट घराला सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगरी भागात 1 लाख 30 हजार. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला 6,500, कच्च्या घराला 4,000, झोपडीला 8,000, गोठ्याला 3,000. दुभत्या गाई-म्हशीला 37,500, ओढकामाच्या बैलाला 32,000, शेळी-मेंढीला 4,000. शेतीला जिरायतीसाठी हेक्टरी 8,500, बागायतीसाठी 17,000, बहुवार्षिक पिकांसाठी 22,500, आणि तेही 2 हेक्टरांच्या मर्यादेत. राज्य सरकार वेळोवेळी स्वतःच्या तिजोरीतून यात भर घालते, मर्यादाही वाढवते. म्हणून आग लागली त्या तारखेला कोणता शासन निर्णय लागू होता ते आधी पक्के करा. चुकीच्या वर्षाचा दर लावून सगळ्या तालुक्याला जास्त किंवा कमी पैसे गेले, ही अगदी नेहमीची बाब आहे, आणि एका ओळीत सापडते.

या दरांत एक गोष्ट लक्षात घ्या. आजरा किंवा चंदगडच्या काजूच्या बागेला हेक्टरी 22,500 हा एका हंगामाच्या खर्चाला हातभार आहे. काजूचे कलम लावल्यापासून फळ धरायला तीन-चार वर्षे जातात, भर यायला आणखी. बाग मुळासकट गेली तर शेतकऱ्याचे नुकसान दरपत्रकाच्या कितीतरी पट असते. वैरणीच्या गंजीला तर दरपत्रकात स्वतंत्र ओळच नाही, आणि डोंगरकपारीच्या वाडीवर वणव्यात सगळ्यात आधी जाते ती गंजीच. लेखापरीक्षकाला दर बदलता येत नाहीत. पण मदत नियमाप्रमाणे वाटली एवढेच लिहून थांबू नका. नियमाप्रमाणे वाटूनही नुकसानीचा किती भाग भरून निघाला, हा कामगिरी लेखापरीक्षणाचा, म्हणजे योजनेचा हेतू साधला का हे पाहणाऱ्या तपासणीचा, रास्त प्रश्न आहे, आणि तो विचारायला घटनेने आणि 1971 च्या कायद्याने महालेखापरीक्षकांना पुरेशी जागा दिली आहे.

जळालेल्या रानातून यादीकडे कसे यायचे, ते आता सविस्तर सांगतो.

आपल्या जिल्ह्यात वणव्याचा काळ साधारण फेब्रुवारी ते मे. राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यात वाळलेले गवत पेटते आणि वाऱ्याबरोबर पडातून बागेत, बागेतून वस्तीपर्यंत येते. पहिल्या दोन वळिवांत गवत पुन्हा फुटते आणि जुलैत त्या डोंगराकडे पाहून तिथे आग लागली होती असे कुणी म्हणणार नाही. लेखापरीक्षण मात्र बहुतेक वेळा वर्षा-दोन वर्षांनी होते. म्हणजे पुरावा गेलेला असतो, आणि राहतो फक्त पंचनामा.

इथे उपग्रह उपयोगी पडतात. नासाच्या संकेतस्थळावर आगीच्या ठिपक्यांची नोंद तारखेनिशी मोफत मिळते, आणि भारतीय वन सर्वेक्षण त्यावरूनच सूचना पाठवते. युरोपच्या सेंटिनेल-2 या उपग्रहांची चित्रे पाच-पाच दिवसांच्या अंतराने मिळतात. आगीच्या आधीचे आणि नंतरचे चित्र शेजारी ठेवले की जळालेला पट्टा उठून दिसतो. जुन्या तारखांची चित्रे साठवलेली असतात, म्हणून दोन वर्षांनीही तो डोंगर जळालेला पाहता येतो. त्या पट्ट्यावर गट नंबरांचा नकाशा ठेवा. पट्ट्यात कोणते गट येतात त्यांची यादी काढा. ही तुमची दुसरी यादी, आणि ती महसूल कार्यालयाकडून आलेली नाही, हेच तिचे बळ. तिच्यातून यदृच्छेने काही गट निवडा आणि त्यांतल्या किती जणांचे पंचनामे झाले ते बघा. पंचनामा झाला नसेल तर का झाला नाही ते विचारा. पीक नव्हते, नुकसान 33 टक्क्यांपेक्षा कमी होते, अशी रास्त कारणे निघतील. ‘तलाठी वाडीपर्यंत आलेच नाहीत’ हेही निघेल.

पण उपग्रहाच्या मर्यादा नीट समजून घ्या, नाहीतर त्याच यंत्राने गरिबाचा दावा खोटा ठरवाल. नासाच्या ठिपक्याचा एक चौकोन 375 मीटर बाजूचा, म्हणजे सुमारे 14 हेक्टरांचा. त्या ठिपक्यावरून कुणाचा गट जळाला हे ठरत नाही. हे ठिपके टिपणारा उपग्रह आपल्या डोक्यावरून दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातो. संध्याकाळी पेटून दोन तासांत विझलेली आग त्याला दिसतच नाही. सेंटिनेलचा बारीक चौकोन 10 मीटरचा, म्हणजे बरोबर एक आर, आपल्या हिशेबाने जवळजवळ एक गुंठा. मात्र जळालेली जमीन ओळखायला जो किरणपट्टा लागतो त्याचा चौकोन 20 मीटरचा, म्हणजे चार आर. दहा गुंठ्यांच्या तुकड्यात असे अडीच चौकोन बसतात, आणि कडेचे चौकोन शेजाऱ्याच्या रानात अर्धे गेलेले असतात. तेव्हा चित्रात जळालेले दिसले तर तो चौकशी सुरू करण्याचा आधार आहे. चित्रात दिसले नाही म्हणून आग लागलीच नव्हती असा शेरा कधीही लिहू नका. आपल्या जिल्ह्यातली जमीन तुकड्या-तुकड्यांची आहे, आणि ही चूक इथे फार महाग पडेल.

दुसरा मोठा मुद्दा उंबरठ्यांचा. मदतीचे दर पायऱ्यांसारखे आहेत. 32 टक्के नुकसानीला शून्य, 33 टक्क्यांना पूर्ण दर. अंशतः घराला 6,500, पूर्ण घराला 1 लाखाच्या वर. जिथे एका पावलात एवढा फरक पडतो तिथे माणसाचा हात वळतो, कधी दयेने, कधी दुसऱ्या कारणाने. म्हणून सगळ्या पंचनाम्यांतले नुकसानीचे टक्के एका तक्त्यात मांडा आणि त्यांचा आलेख काढा. खरे नुकसान सगळीकडे पसरलेले असते: कुणाचे 20, कुणाचे 55, कुणाचे 90. एखाद्या गावात जवळपास सगळे आकडे 33 ते 40 मध्ये गोळा झाले असतील, तर तिथे मोजमाप झालेले नाही, निर्णय आधी झाला आणि आकडा मागून लिहिला. उलट एखाद्या गावात सगळे 25 ते 30 मध्ये अडकले असतील तर तेही तितकेच संशयास्पद आहे, आणि ते गाव आपण सहसा तपासतच नाही, कारण तिथे पैसाच गेलेला नसतो. क्षेत्राचेही तसेच. बरोबर 2.00 हेक्टरांवर नावांचा ढीग दिसला तर सातबारे काढा. आकड्यांच्या पहिल्या अंकावरून फसवणूक शोधण्याची बेनफर्डची पद्धत अनेक जण इथे वापरायला जातात. ती चालत नाही, कारण रक्कम म्हणजे ठरलेल्या दराचा आणि छोट्या क्षेत्राचा गुणाकार असतो.

किमान रकमेचा नियमही बघा. जिरायतीला किमान 1,000, बागायतीला 2,000, बहुवार्षिकला 2,500 द्यायचे असतात. दहा आर जिरायत जळाली तर 850 येतात, पण द्यायचे 1,000. संगणकाने सरळ गुणाकार केला असेल तर तालुक्यातल्या सगळ्या लहान शेतकऱ्यांना कमी गेलेले असतात. रक्कम माणशी दीडशे रुपये, म्हणून कुणी तक्रार करत नाही. लेखापरीक्षकाने मात्र हा शेरा न चुकता घ्यावा. सगळ्यात लहान तुकडा सगळ्यात गरजू माणसाचा असतो, आणि चूक नेमकी त्याच्याच वाट्याला आलेली असते.

घरांच्या वर्गवारीत आगीचा एक खास घोळ आहे. महापुरात मातीची भिंत ढासळते, छप्पर वर राहते किंवा खाली येते, आणि घर पडले हे सगळ्यांना दिसते. आगीत उलट होते. वासे, रिपा, तुळई जळून कौले खाली येतात आणि चारही भिंती उभ्या राहतात. पंचनामा करणारा भिंती उभ्या बघतो आणि ‘अंशतः’ लिहितो. मार्च-एप्रिलमध्ये ते खरेही वाटते. पण छप्पर गेलेली मातीची भिंत गगनबावड्याच्या पावसात किती दिवस टिकेल? जूनच्या अखेरीस ते घर भुईसपाट असते, आणि माणसाला मिळालेले असतात 4,000. वणव्याच्या फाइलीत ‘अंशतः’ लिहिलेले प्रत्येक मातीचे घर मी वेगळे काढायला सांगतो. पंचनाम्याचा फोटो आणि पावसाळ्यानंतरची स्थिती दोन्ही पाहा. छप्पर पूर्ण गेले होते असे फोटोत दिसत असेल तर वर्गवारी चुकली असा शेरा घ्या, आणि रकमेतला फरक लिहा. घर अधिकृत असल्याची अटही असते. रानातल्या वस्तीवरच्या घरांची ग्रामपंचायतीत नोंद आहे का, घरफाळा भरला जातो का, हे तिथे निर्णायक ठरते. नोंद नाही म्हणून किती घरे डावलली गेली, त्यांची वेगळी यादी करा.

काजू-आंब्याच्या बागेत वेळेचा प्रश्न येतो. आग लागली तेव्हा झाडावर मोहोर किंवा बोंडे असतात. झाड जिवंत राहिले तरी त्या वर्षाचे पीक गेलेले असते. उलट पाने करपून झाड मेल्यासारखे दिसते आणि पावसात खोडावर फूट येते. आठ दिवसांत केलेल्या पंचनाम्याला हे कळणे शक्य नाही. मी पंचनामा करणाऱ्याला इथे दोष देत नाही. फेरपाहणीची सोय होती का आणि ती लोकांना माहीत होती का, एवढेच तपासा.

आता कागद नसलेल्यांविषयी. हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे.

न्यू मेक्सिकोच्या डोंगराळ भागात पिढ्यानपिढ्या वारशाने आलेल्या जमिनी आहेत, आणि अनेकांच्या नावावर मालकीचे नीट कागद नाहीत. 2022 च्या वणव्यानंतर दावे अडकण्याचे हे एक मोठे कारण ठरले. हे वाचताना मला आपले सातबारे आठवले. आजोबा वारले, वारस नोंद झाली नाही. चार भाऊ सामायिक खात्यात, त्यांतला एक मुंबईला, एक बोलत नाही. बाग करतो तो वाटेकरी, सातबारा दुसऱ्याचा. सासर-माहेरच्या वादात विधवेचे नाव इतर हक्कात. पैसे थेट खात्यात जातात, त्यासाठी यादीत नावापुढे दिलेला ‘विशिष्ट क्रमांक’ घेऊन सेवा केंद्रात आधार प्रमाणीकरण सहसा करावे लागते, आणि सामायिक खात्याला बाकीच्यांची संमती लागते. भाऊबंदकीत ती मिळत नाही. मग ते पैसे मंजूर दिसतात, पण पोहोचत नाहीत. आकडेवारीत तालुका पूर्ण झालेला असतो.

अशा वेळी लेखापरीक्षकाने पुरावा म्हणजे फक्त सातबारा असे धरू नये. आपल्या भागात दुसरे कितीतरी चांगले कागद असतात. म्हैस जळून मेली असा दावा असेल तर गावच्या दूध संस्थेच्या संकलन नोंदी बघा. आगीच्या आदल्या दिवसापर्यंत रोज दूध येत होते आणि दुसऱ्या दिवशी थांबले किंवा अर्ध्यावर आले, याहून स्वच्छ पुरावा कोणता? कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक आणि पशुवैद्यकाचा शवविच्छेदन दाखला हे अधिकृत कागद, पण बिल्ला आगीत वितळतो आणि दूर वाडीवर पशुवैद्यक वेळेत पोहोचत नाही. दूध संस्थेची नोंद कुणी मदतीसाठी बनवलेली नसते, ती रोजच्या व्यवहारात आपोआप झालेली असते. काजूचे तसेच: व्यापाऱ्याकडची मागच्या वर्षांची पावती, ई-पीक पाहणीतली नोंद, विकास सोसायटीच्या पीककर्जाचा अर्ज. घरासाठी वीजबिल, रेशनकार्ड, मतदार यादी. हे कागद दोन्ही बाजूंनी काम करतात. खऱ्या माणसाचा दावा ते उभा करतात आणि खोट्याचा पाडतात. ज्याने तीन म्हशींची मदत घेतली आणि ज्याच्या नावावर संस्थेत वर्षभर एका म्हशीइतकेच दूध आहे, त्याला प्रश्न विचारावाच लागतो. अर्थात संस्थेला दूध न घालणारी, गाभण जनावरे असलेली घरेही असतात, म्हणून आधी प्रश्न विचारायचा आणि शेरा उत्तर ऐकून लिहायचा.

संगणकावरच्या चाचण्या थोडक्यात सांगतो, कारण त्या सगळ्यांना येतात. एकच बँक खाते दोन नावांना. एकच आधार दोन गावांत. एकाच गटाचे एकूण बाधित क्षेत्र सातबाऱ्यावरच्या क्षेत्रापेक्षा जास्त. मृत व्यक्तीच्या नावे रक्कम. एका कुटुंबाला ठरलेल्या तीन मोठ्या जनावरांपेक्षा जास्त जनावरांची मदत. त्याच नुकसानीची रक्कम वनखात्याकडून किंवा विमा कंपनीकडूनही. पंचनाम्याची तारीख आगीच्या आधीची. एकाच अधिकाऱ्याचे एका दिवसात डोंगराच्या दोन टोकांच्या वाड्यांत पंचनामे. अमेरिकेत 2005 च्या कॅटरिना वादळानंतर अशा साध्या चाचण्या वेळेत न लावल्याने तिथल्या लेखापरीक्षण संस्थेच्या अंदाजानुसार 60 कोटी ते 140 कोटी डॉलर चुकीच्या हातात गेले. नुकसान झालेल्या घराच्या जागी टपालपेटीचा पत्ता आणि कैद्यांच्या नावाने अर्ज, असले प्रकार होते. पोर्तुगालमध्ये जून 2017 च्या पेद्रोगाओ ग्रांदेच्या वणव्यानंतर मुख्य घरांसाठी असलेली मदत दुसऱ्या, सुट्टीत वापरायच्या घरांना गेली. मालकांनी आगीनंतर आपला अधिकृत पत्ता त्या घरावर बदलून घेतला होता. यातून घ्यायची चाचणी एकच: पत्ता, नोंद, फेरफार, रेशनकार्डाचे विभाजन, यांपैकी काय आगीच्या तारखेनंतर बदलले? आपल्याकडे 2019 च्या महापुरात ग्रामीण कुटुंबाला 10,000 आणि शहरी कुटुंबाला 15,000 रुपये सानुग्रह अनुदान होते. कुटुंबामागे ठरावीक रक्कम असली की एका घराची दोन कुटुंबे होतात. कधी ती खरोखर दोन चुली असतात. रेशनकार्ड जुने आणि वेगळे असेल तर शंका घेऊ नका. पूर ओसरल्यावर काढलेले असेल तर घ्या.

पैसा तिजोरीतून निघाल्यावरची वाटही शेवटपर्यंत चाला. लेखाशीर्ष 2245, म्हणजे नैसर्गिक आपत्तीच्या मदतीचे खाते, याखालून काढलेली रक्कम संक्षिप्त देयकावर, म्हणजे तपशील नंतर देण्याच्या बोलीवर, उचलली असेल तर तपशीलवार देयक कधी आले, तहसीलच्या बँक खात्यात किती पडून राहिली, परत आलेले व्यवहार पुन्हा पाठवले का, न वाटलेली रक्कम शासनजमा केली का, हे बघा. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे दिलेली रक्कम ठरलेल्या कामावर खर्च झाली असा कार्यालयाचा दाखला, हा खर्चाचा पुरावा धरू नका. अनेकदा रक्कम खालच्या कार्यालयाला दिली त्याच दिवशी ती खर्च झाली असे लिहिलेले असते. आणखी एक गोष्ट बँकेत जाऊनच कळते: मदत खात्यात आली आणि थकीत कर्जात वळती झाली. मदतीच्या रकमेतून कर्जवसुली करू नये असे शासन निर्णयात स्पष्ट असते. तरीही होते. लाभार्थ्याचे पासबुक पाहिल्याशिवाय ते दिसत नाही. महसूल कार्यालयाच्या लेखी पैसे पोहोचलेले असतात.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. कडक तपासणीने पीडिताला त्रास होतो का? होतो, जर तपासणी त्याच्यावर रोखलेली असेल तर. म्हणून काही गोष्टी मी ठामपणे सांगतो. गावात जाण्याआधी तुम्ही कोण, कशासाठी येताय, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. शक्य तिथे तलाठ्याला बरोबर न घेता जा, कारण त्याच्यासमोर ‘पैसे मिळताना कुणाला काही द्यावे लागले का’ या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. बाईमाणसाशी घरच्या पुरुषाला वगळून बोलता येईल अशी सोय करा, पैसे कुणाच्या खात्यात गेले आणि कुणी खर्च केले हे तेव्हाच कळते. सरकारकडे आधीच असलेला कागद माणसाकडून पुन्हा मागू नका. आणि कुणाच्याही दारात त्याचे घर खरेच जळाले होते का, असा प्रश्न विचारू नका. ‘आग कुठून आली, आधी काय पेटले, काय वाचवता आले’ असे विचारा. ज्याच्यावर बेतले आहे तो अर्धा तास सांगत राहतो, आणि शेजारीही तेच सांगतात. ज्याच्यावर बेतले नाही त्याचे सांगणे दोन वाक्यांत संपते.

वसुलीबद्दलही स्पष्ट असा. चुकीचा पैसा कसा गेला, याची तीन कारणे असतात: माणसाने खोटे सांगितले, अधिकाऱ्याने चुकीची वर्गवारी केली, किंवा संगणकाने चुकीचा दर लावला. शेऱ्यात ही तीन वेगळी लिहा. शेवटच्या दोन्हीत माणसाचा दोष नसतो. त्याने ते पैसे छपरावर, बियाण्यावर घातलेले असतात. कॅटरिनानंतर अमेरिकेने काही वर्षांनी पीडितांकडूनच पैसे परत मागायला सुरुवात केली, आणि 2011 मध्ये संसदेला कायदा करून अशा वसुलीत माफी देण्याची वाट काढावी लागली. तुमचा शेरा ‘अतिप्रदान (जादा दिलेली रक्कम), वसुली करावी’ एवढाच असेल तर खालच्या कार्यालयातून सरसकट नोटिसा निघतील आणि त्या सगळ्यात आधी निरपराध माणसाला पोहोचतील. जबाबदारी कुणाची हे शेऱ्यातच लिहिलेत तर तसे होत नाही.

अहवालात अपात्र लाभार्थ्यांचे परिशिष्ट असतेच. त्याच्या आधी, पहिल्या क्रमांकावर, वगळलेल्या पात्र लोकांचे परिशिष्ट जोडा: गट नंबर, वाडी, नुकसानीचा प्रकार, कोणत्या कारणाने वगळले, किती रक्कम देय होती. नावे अहवालात छापू नका, ती स्वतंत्र पत्राने तहसीलदारांकडे द्या. ती देताना अपिलाची मुदत उलटली आहे का हे पाहा, आणि उलटली असेल तर विशेष बाब म्हणून प्रस्ताव पाठवण्याची शिफारस करा. तहसीलचे उत्तर येईपर्यंत अहवालातला तो परिच्छेद, म्हणजे तो आक्षेप, बंद करू नका. ‘पुढील वेळी दक्षता घेऊ’ हे उत्तर अपात्रांच्या परिच्छेदाला एक वेळ चालेल, वगळलेल्यांच्या परिच्छेदाला नाही. तिथे पैसे खात्यात जमा झाल्याची नोंद हेच उत्तर, आणि ती नोंद दिसेपर्यंत दर तिमाहीला स्मरणपत्र पाठवत राहा.